उजव्या गालावरचा डाग

"हे धर," गुल्हाने सर म्हणाले आणि जांभळ्या शाईची दौत त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "यंदा निलूचं तू लिह."

दसऱ्याला तेरा दिवस उरले होते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी हस्तलिखिताच्या कागदांना समास आखत बसले होते. सर थट्टा करत आहेत असं मला वाटलं, पण सरांना थट्टा जमत नसे.

"निलूचं म्हणजे?"

"दरसाल येते ना, जांभळ्या शाईतलं. ते."

"ते तर टपालानं येते सर."

"मी पाठवतो म्हणून येते." सरांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं आपली आपण थरथरत होती. "चैत्रापासून हे असं चालू आहे. सहीसुद्धा धड होत नाही. उद्या मुलगा मला नागपूरला दाखवायला घेऊन चालला. म्हणून तुला सांगतो."

मी पट्टी खाली ठेवली. तीन वर्षं ते जांभळं लिखाण मी माझ्या सुवाच्य अक्षरात हस्तलिखितात उतरवत होते आणि दर वेळी अंगावर शहारा येत होता. तो शहारा सरांनी घरी बसून तयार केलेला होता, हे ऐकून मला त्यांचा रागच आला.

ही १९८१ सालची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, परतवाड्यातच शाळेत शिकवत होते आणि माझं अक्षर चांगलं म्हणून गुल्हाने सर काढत त्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकाची नक्कल माझ्याकडे आली होती. आमच्या वाचनालयाचा हा अंक इतर गावांच्या अंकांसारखा नव्हता. त्यात कविता नाहीत, पाककृती नाहीत. अंकाचा विषय कायम एकच: 'पुढे मंदाकिनी'.

मंदाकिनी ही 'सातव्या वळणाचा बंगला' या कादंबरीची नायिका. ना. ग. खोलापुऱ्यांनी ती फार पूर्वी लिहिली. बंगला चिखलदऱ्याच्या घाटातला, म्हणजे आमच्याच गावावरून जाणाऱ्या रस्त्यावरचा, त्यामुळे गावानं ती कादंबरी घरचीच मानली होती. शेवटच्या पानावर मंदाकिनी सकाळी बंगल्याचं फाटक उघडून धुक्यात चालू लागते आणि कादंबरी संपते. पुढे ती कुठे गेली, हे खोलापुऱ्यांनी सांगितलं नाही. मग ते काम गावानं अंगावर घेतलं. वनखात्यातला कारकून मंदाकिनीला दरवर्षी वाघापासून वाचवायचा. देशपांडे कंपाउंडरनं तिला डॉक्टरीण करून टाकलं होतं. आरा मशीनवाल्या साहूंची सून तिचं लग्न लावायची, प्रत्येक अंकात नव्या संस्थानिकाशी. वीस-बावीस जण लिहायचे, मी उतरवून काढायची, आणि दिवाळीच्या पाडव्याला तो एकुलता एक अंक वाचनालयाच्या टेबलावर यायचा. तिथंच बसून वाचायचा, घरी न्यायचा नाही.

अंकाच्या पहिल्या पानावर दोन नियम असत. मंदाकिनीला मारायचं नाही. मंदाकिनीला घरी आणायचं नाही.

आणि निलू म्हणजे निलांबरी ठोसर. सागवान डेपोच्या मागं राहणाऱ्या द्वारकाकाकूंची एकुलती मुलगी. तिनं ही कादंबरी अकरा वेळा वाचली होती, कार्डावर अकरा तारखा होत्या. १९६५ साली, साखरपुड्याच्या दिवशी सकाळी, ती फाटक उघडून गेली ती गेलीच. जाताना वाचनालयाची प्रत घेऊन गेली. कार्डावर शेवटची परतीची तारीख कोरी राहिली. पुढच्या वर्षी अंकासाठी जांभळ्या शाईत एक प्रकरण आलं, नाव नाही, पत्ता नाही. त्यातली मंदाकिनी अनारशाला खसखस लावताना तीळ मिसळते असं लिहिलं होतं. द्वारकाकाकूंनी ते वाचलं आणि वाचनालयातच मटकन खाली बसल्या. तीळ त्यांच्याच घरी मिसळत.

"पहिली दोन वर्षं खरंच आलं," सर सांगू लागले. "तिसऱ्या वर्षी आलं नाही. त्याच साली तिचे वडील, ठोसर मास्तर, गेले. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी, लिखाण घ्यायच्या शेवटच्या दिवशी, काकू इथं येऊन बसल्या. पाच वाजेपर्यंत बसल्या, विजू. दुसऱ्या दिवशी मी दौत आणली."

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून. तेरा वर्षं झाली. डेपोचा ड्रायव्हर बैतूलहून पेटीत टाकतो."

"सर, ही फसवणूक आहे."

"हाव. आहे." त्यांनी थरथरता हात दुसऱ्या हातात धरला. "आता तू कर. पहिले दोन कागद कपाटात आहेत, त्यावरून अक्षर घोटून घे. तुझा हात कोणाचंही अक्षर उचलते. मंदाकिनी सुखात आहे एवढं येऊ दे. आणि दोन नियम सोडू नको. मारलं तर काकू त्याच दिवशी जाईल. घरी आणलं, तर खरी कुठून आणशील?"

दुसऱ्या दिवशी सर नागपूरला गेले.

दोन दिवसांत अक्षर बसलं. निलूचा 'म' जरा पुढे झुकलेला, वेलांट्या लांब. तिसऱ्या दिवशी तर बाजाराची यादीसुद्धा माझ्या हातून तिच्या अक्षरात उतरली. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

पण लिहायचं काय, ते सुचेना. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं उतरवलं होतं. नक्कल करणाऱ्याला सर एकच गोष्ट शिकवायचे: दिसेल तसं उतरवायचं, मनाचं घालायचं नाही. देशपांडे कंपाउंडर 'हृदय' चुकवायचा, तेही मी तसंच ठेवायची. म्हणून ठरवलं, काकूंच्या घरी जाऊन बघून यावं. निमित्त होतंच. अंकाच्या मुखपृष्ठावर लावायला त्यांच्याकडची झेंडूची फुलं दरवर्षी आणत.

काकू ओसरीवर वाती वळत होत्या. पासष्टी ओलांडलेल्या, गुडघे गेलेले, पण नजर पक्की.

"ये गं विजू. यंदा किती लोकांनी लिहिलं?"

"एकोणीस आलेत काकू."

"तिचं?"

"यायचं आहे."

समोरच्या फळीवर निलूचा फोटो होता. अमरावतीच्या स्टुडिओतला, एकवीस वर्षांची असतानाचा. चॉकलेटी साडी, हिरवे काठ. रंग फोटोत नव्हते, काकूंनीच सांगितले. गालावर चिंचोक्याएवढा डाग.

"तेल उडालं होतं," काकू म्हणाल्या. "नऊ वर्षांची होती. करंज्या तळून राहिली होती मी. झारा माझ्याच हातात होता."

मी फोटोसमोर बसून सगळं डोळ्यांत भरून घेतलं. काकू वाती वळता वळता म्हणाल्या, "एक सांगू? दरसाल ती कुठे कुठे असते. कधी बैतूल, कधी खंडवा, कधी ते कुठलं, होशंगाबाद. सुखात आहे, नोकरी आहे, दारात तुळस आहे. सगळं आहे. पण माझ्या फाटकापर्यंत तिला कोणी येऊच देत नाही गं."

मला रडू आलं, ते मी फुलं तोडायच्या निमित्तानं परसात जाऊन पुसलं.

आज विचार करते तेव्हा वाटतं, ती नुसती दया नव्हती. थोडी मिजासही होती. सरांनी तेरा वर्षं जे भीत भीत लिहिलं, ते मी एका फटक्यात करून दाखवीन, असं मला वाटत होतं. त्या दुपारी मी शाळेतून आले, दौत उघडली आणि मंदाकिनीला घरी आणलं.

लिहिलं ते असं. त्रिपुरी पौर्णिमेची सकाळ. धुकं. मंदाकिनी फाटकाशी येते. चॉकलेटी साडी, हिरवे काठ, खांद्याला कापडी पिशवी, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन. उजव्या गालावर चिंचोक्याएवढा जुना डाग. ती म्हणते, "आई, पाणी देतेस?" आई तांब्या देते. पाणी पिऊन ती म्हणते, "आई, मी आता कुठे जात नाही." एवढंच. दोन कागद. परत वाचलं तेव्हा माझ्याच डोळ्यांना धारा लागल्या आणि मी स्वतःवर खूश झाले.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी काकू काठी टेकत वाचनालयात आल्या. मी त्यांना बैतूलच्या शिक्क्याचं पाकीट दिलं. त्यांनी वाचलं. एका ओळीवर बोट ठेवून थांबल्या, पुढे गेल्या, परत त्या ओळीवर आल्या. चष्मा काढून पदराला पुसला.

"पौर्णिमेला," त्या म्हणाल्या.

"काकू, ही गोष्ट आहे. मंदाकिनीची."

"हाव ना. मले कळते." कागद घडी करून त्यांनी पोलक्यात ठेवले. "तांब्या चिंचेनं घासून ठेवायला पाहिजे."

त्या उठून गेल्या.

सर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी परतले. हात तसाच होता, बोलणंही जरा जड झालं होतं. अंक उघडून त्यांनी जांभळ्या लिखाणाची नक्कल वाचली आणि हळूच मिटला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काय करून बसलीस विजू."

"सर, त्या म्हणाल्या की फाटकापर्यंत कोणी..."

"ते मलाही तेरा वर्षं म्हणून राहिल्या." ते खिडकीबाहेर बघत होते. "जाय आणि खरं सांगून टाक. माझं नाव सांग, तुझं सांग. पौर्णिमेच्या आत सांग. त्या दिवशी ती म्हातारी फाटकाकडे बघत बसली आणि कोणी आलं नाही, तर आपण दोघांनी तिला मारलं असं होईल."

सांगायला मी चार वेळा गेले. एकदा काकू अंगण सारवत होत्या, एकदा घोंगडी उन्हात टाकत होत्या, एकदा डब्यात अनारशाचं पीठ भरत होत्या. दर वेळी मी फराळ खाऊन, इकडचं तिकडचं बोलून परत आले. चौथ्या वेळी त्या माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "तू पण ये पौर्णिमेला." मी हो म्हटलं. इतकी भित्री मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही. नाही, एकदा झाले, ते पुढे येईलच.

पौर्णिमेच्या सकाळी उठले तर खिडकीबाहेर पांढरं. वर चिखलदऱ्याला धुकं असतं, खाली आमच्या गावात कार्तिकात कधी उतरत नाही. त्या दिवशी उतरलं होतं. सागवान डेपोतले लाकडांचे ढीग दिसत नव्हते. आरा मशीन बंद होत्या. आठ वाजले होते, पण रस्त्यावर माणूस नव्हतं.

काकू ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी घासलेला तांब्या, त्यावर पालथं भांडं. मी फाटकातून आत आले आणि ओसरीच्या खाली उभी राहिले. आता बोलायचंच, असं ठरवून आले होते.

"काकू, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. ते जे आलं ना, ते निलूनं नाही लिहिलं. ते..."

"गप," काकू म्हणाल्या. रागानं नाही. "ऐक."

रस्त्यावरून पावलं येत होती. एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं जरा घासत. तुटक्या अंगठ्याची चप्पल अशीच वाजते.

फाटक करकरलं. धुक्यातून बाई आत आली. चॉकलेटी साडी, हिरवे काठ. खांद्याला कापडी पिशवी. मी तिच्या पायांकडे पाहिलं आणि सेफ्टी पिन दिसली. वर पाहायचं धाडस होईना. वर पाहिलं तेव्हा कळलं की ती एकवीस वर्षांची होती. सोळा वर्षं गेली होती, काकूंचे गुडघे गेले होते, मास्तर गेले होते, आणि ही फोटोत होती तशीच होती. वयाचं मी काही लिहिलं नव्हतं.

"आई, पाणी देतेस?" ती म्हणाली.

आवाजात चढउतार नव्हता. वर्गात मुलं धडा वाचतात तसं ते वाक्य आलं.

काकू उठल्या. काठी न घेता उठल्या. तांब्या दिला. ती प्यायली. पाणी पिताना गळा हलतो, तेवढं बघून मला आधार वाटला आणि लगेच त्या आधाराची लाज वाटली. काकूंनी हात वर करून तिच्या उजव्या गालावरच्या डागावर ठेवला. मग तो हात डाव्या गालावर नेला. तिथं कातडी साफ होती. त्या साफ गालावरून काकूंचा अंगठा कितीतरी वेळ फिरत राहिला.

तेव्हा मला कळलं. फोटोतला डाग माझ्या उजव्या हाताला दिसत होता, म्हणजे निलूच्या डाव्या गालावर होता. मी दिसेल तसं उतरवलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी आता कुठे जात नाही."

काकूंनी डोळे मिटले, उघडले. "बरं," म्हणाल्या. "ये, आत ये."

तिला घेऊन त्या ओसरी चढल्या. दारात थांबून माझ्याकडे वळल्या.

"डाव्या गालावर होता गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "झारा माझ्याच हातात होता, मी कशी विसरीन? कागदावर वाचलं तेव्हाच दिसलं होतं." मग जरा थांबून, "असू दे. जाताना फाटक लावून घे."

गावानं फार खोलात जाऊन विचारलं नाही. काकूंच्या बहिणीची नात सोबतीला आली, असं कोणीतरी म्हटलं आणि तेच पक्कं झालं. पोरगी कमी बोलते, पण सेवा करते, असंही बायका म्हणायच्या. कमी म्हणजे दोनच वाक्यं, हे मला माहीत होतं. एकदा काकूंनी मला तिची कापडी पिशवी उसवली म्हणून शिवायला दिली. पिशवी रिकामी होती. आत काय आहे ते मी लिहिलं नव्हतं.

पण काकू खरोखर सुखात होत्या, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी हिरव्या बांगड्या मागवल्या, तिच्यासाठी. दुपारी तिची वेणी घालताना त्या मोठ्यानं हसायच्या, रस्त्यावर ऐकू यायचं. सर एकदाच त्यांच्या घरावरून गेले. फाटकाशी ती उभी होती. त्या दिवसानंतर सरांनी मंदाकिनीचं नाव काढलं नाही. हस्तलिखिताचं सगळं माझ्यावर सोपवलं.

पुढचं वर्ष, १९८२. दसऱ्याच्या आधी आठ दिवस वाचनालयात एक पुडकं आलं. शिक्का आमच्याच परतवाड्याचा. वरचं अक्षर जांभळं होतं. मला वाटलं सरांनी कोणाकडून तरी लिहून घेतलं. दोरा तोडला.

आत 'सातव्या वळणाचा बंगला' होती. आमच्या वाचनालयाचा गोल शिक्का, नोंद क्रमांक ४१२, कोपरे झिजलेले, पाठीला नवं कापड लावलेलं. पुस्तकात एकच कागद होता. म पुढे झुकलेला, वेलांट्या लांब. पण त्या अक्षरात आता वय उतरलं होतं, ते काही मला जमलं नव्हतं. तो कागद मला पाठ आहे.

"गेल्या आठवड्यात मंदाकिनी घरी आली. फाटकाशी उभी राहिली. हाक मारणार, तेवढ्यात ओसरीवर आई दिसली. आई एका मुलीची वेणी घालत होती. मुलीनं मान वळवली. तो चेहरा मंदाकिनीचाच होता, ती घरातून निघाली त्या दिवशीचा. फक्त गालावरचा डाग दुसऱ्या बाजूला होता. आई हसत होती. घरात जागा भरली होती. मंदाकिनी फार वेळ उभी राहिली नाही. तिच्या डोक्यावरचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत, ती आईला ओळखू आली नसती असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती परत फिरली. पुस्तक जमा करत आहे. उशीर झाला, माफ करावं."

खाली पत्ता नव्हता.

मी स्टँडवर धावले, अचलपूरच्या रस्त्यापर्यंत गेले. कोणाला शोधत होते? पांढरे होऊ लागलेले केस आणि डाव्या गालावर डाग. पुडकं टाकून चार दिवस झाले असतील, कोण थांबतं? परत येऊन मी जांभळी दौत काढली. एक ओळ लिहायची होती: मंदाकिनी पुन्हा फाटकाशी आली. लेखणी बुडवली आणि थांबले. लिहिलं असतं तर ती आली असती. आली असती ती मी लिहिलेली.

दौत मी त्याच दिवशी नाल्यात ओतली.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी काकू वाचनालयात आल्या नाहीत. गेल्या सोळा वर्षांत असं झालं नव्हतं. अर्थात, आता त्यांना गरज काय होती? मी कागद पर्समध्ये घालून त्यांच्या घरी गेले. सांगायचं, असं ठरवून गेले. तुमची निलू जिवंत आहे, फाटकाशी आली होती, केस पिकलेत, तुम्हाला हसताना बघून परत गेली. शोधा तिला, मी तुमच्याबरोबर येते.

काकू ओसरीवर होत्या. ती पायरीवर बसली होती, पाठमोरी, आणि काकू तिची वेणी घालत होत्या. मी समोर बसले.

"काय गं, तोंड कसं उतरलं आहे?"

"काही नाही काकू."

काकूंनी तीन पेड केले. एकावर एक घेतले. मग माझ्याकडे न बघता, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "यंदा तिचं काही आलं का गं?"

मला कळेना. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पुढ्यात बसलेल्या मुलीकडे.

"हिचं नाही," काकू म्हणाल्या. "निलूचं. पहिले दोनच तिचे होते. नंतर सर लिहायचे. सरांची मंदाकिनी वांग्याच्या भाजीत साखर घालायची, माझ्या पोरीनं जन्मात घातली नसती. पण मी येऊन वाचायचीच. एखादे साली खरं आलं आणि मी तिथं नसले तर?" वेणीला त्यांनी रिबिनीची गाठ मारली. "यंदा गुडघ्यानं उठू दिलं नाही. हिच्यावर माझी माया आहे विजू, खोटं कशाला सांगू. पण ती आली ना, तर हिला मी म्हटलं असतं, बाई, आता तू जा. आलं का काही?"

माझा हात पर्सवर होता. कागद आत होता. चार शब्द बोलायचे होते. बोलले असते तर सांगावं लागलं असतं की ती आली होती, आणि माझ्या हातच्या दोन कागदांनी तिला फाटकातूनच परत पाठवलं.

"नाही काकू," मी म्हटलं. "यंदा नाही आलं."

"बरं." त्यांनी मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. "येईल पुढच्या साली."

काकू त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. दर दसऱ्याला विचारायच्या. दर दसऱ्याला मी तेच उत्तर दिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे, हस्तलिखितात मी तो उतरवला नाही. आयुष्यात मी न उतरवलेलं ते एकच पान.

त्या दिवशी निघायला उठले तेव्हा मुलीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. उजव्या गालावरचा डाग उन्हात स्पष्ट दिसत होता.

"आई," ती म्हणाली. काकूंना नव्हे, मला म्हणाली. "मी आता कुठे जात नाही."